मानेचं व्हायोलिन

"मान अजून जरा पुढे घे," वाल्बुर्गा म्हणाली. "आणि तोंड असं करू नकोस, फोटो पत्रकावर छापायचाय."

लोरेंझने मान पुढे घेतली. समोरच्या खाचेत किलियानची मान आधीच होती. वाल्बुर्गाच्या या दोन भावांच्या नाकांमध्ये फार तर चाळीस सेंटिमीटर अंतर उरलं.

"हा येणार हे सांगितलं नव्हतंस, बुर्गी," लोरेंझ म्हणाला.

"मलाही नव्हतं सांगितलं," किलियान छताकडे बघत म्हणाला.

"सोमवारी संग्रहालय बंद असतं. मला दुसरं कोण मिळणार?"

तिने वरची फळी खाली आणली, कडी लावली आणि कुलूप दाबलं. टक्.

फळीला व्हायोलिनचा आकार होता. दोन मानांसाठी दोन भोकं, चार मनगटांसाठी चार. पूर्वी बाजारात भांडणाऱ्या दोघींना शिक्षा म्हणून असं समोरासमोर अडकवत, समेट होईपर्यंत. अस्सल नग काचेमागे होता. ही त्याची नक्कल, पाहुण्यांनी फोटो काढण्यासाठी ठेवलेली.

वाल्बुर्गाने फोटो काढला, मग एप्रनचे खिसे चाचपले. "अरे देवा! किल्ली घरी राहिली."

"काय?" दोघंही एकदम ओरडले. अबोल्याच्या अकरा वर्षांत त्यांनी एकत्र केलेली ही पहिलीच गोष्ट.

"बसने जाऊन येते. तासभर लागेल."

ती गेली ती फक्त शेजारच्या दालनापर्यंत. लोखंडी मुखवट्यांच्या कपाटामागे स्टुलावर बसली आणि डब्यातलं सॉसेज-पाव काढलं. किल्ली एप्रनच्या आतल्या खिशात होती. रविवारी तिला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. गेल्या वाढदिवसाला तिने दोन केक केले होते, शनिवारी एका भावासाठी, रविवारी दुसऱ्यासाठी. यंदा एकच करायचा किंवा एकही नाही, असं तिने ठरवलं होतं. तीस वर्षं ब्रेमेनला काढून ती दोन वर्षांपूर्वी गावी परतली होती, ती दोन अर्ध्या कुटुंबांसाठी नव्हे.

नऊ मिनिटं कुणी बोललं नाही. तिने घड्याळ लावून मोजली. कपाटाच्या फटीतून तिला किलियानचा अंगठा दिसत होता. तो फळीच्या खालच्या अंगाला चाचपडत होता.

"हात हलवू नकोस," लोरेंझ म्हणाला. "माझी मान घासते."

अंगठा थांबला.

"कानात केस वाढलेत तुझ्या," थोड्या वेळाने लोरेंझच म्हणाला.

"तुझ्या डोक्यावरचे गळले तेच इथे आले असतील."

वाल्बुर्गा चावायची थांबली.

"बाबांचं रंध्याचं मेज तू सरपणाला दिलंस," किलियान म्हणाला.

"कीड लागली होती. तीन पायांना."

"मग विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!"

लोरेंझने बराच वेळ श्वास धरून ठेवला. तो सोडला तेव्हा किलियानच्या मिशा हलल्या. "विचारायला हवं होतं," लोरेंझ म्हणाला. "पहिला पाय तोडून झाला नव्हता अजून, तेव्हाच कळलं होतं. पण मग तू आपल्या सुतारखान्याची किल्ली दारात टाकून गेलास."

"पाठ दुखतेय का रे तुझी?"

"दुखतेय."

"चल, बाकावर बसू. माझ्याबरोबर. तुझा डावा पाय आधी, माझा उजवा."

दोघे खेकड्यासारखे तिरके तिरके बाकापर्यंत गेले. पहिल्यांदा चुकून दोघांनीही उजवा पाय टाकला आणि लोरेंझ असा हसला की फळी किलियानच्या हनुवटीवर आपटली. त्यानंतर तासभर ते बोलतच होते. ओकचं लाकूड, नातवंडं, गुडघे.

वाल्बुर्गा धापा टाकल्यासारखं करत आत आली. "सापडली एकदाची!"

"फारच लवकर आलीस," किलियान म्हणाला. मान चोळत त्याने लोरेंझला विचारलं, "रविवारी किती वाजता रे?"

"तीनला, कॉफीच्या वेळी. आणि आत्ता बिअर, तुझ्याकडून."

मंगळवारी संग्रहालयाच्या प्रमुख झायडलबाई आल्या, तेव्हा वाल्बुर्गाला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं, आतल्या खिशासकट.

"कुलूप?" झायडलबाई म्हणाल्या. "वाल्बुर्गाबाई, ते तर शोभेचं आहे. पाहुणा ज्यात अडकू शकतो ती प्रत्येक वस्तू आतून उघडलीच पाहिजे, असा नियम आहे. तपासनीस दरवर्षी येऊन बघून जातो."

त्यांनी स्वतःची मान भोकात घातली, वाल्बुर्गाकडून कुलूप लावून घेतलं आणि अंगठ्याने फळीखालची एक लाकडी खुंटी दाबली. दुसऱ्या टोकाची बिजागरी निसटली. वरची फळी अलगद उचलली गेली. कुलूप तसंच बंद.

"पण हे माहीत असल्याशिवाय कुणाला सापडायचं नाही," वाल्बुर्गा म्हणाली.

"अर्थात. बनवणाऱ्यांनी खुंटी इतकी बेमालूम लपवली आहे."

झायडलबाईंनी फळी उलटी केली. खुंटीच्या शेजारी, तापल्या खिळ्याने कोरलेली दोन नावं होती: लोरेंझ आणि किलियान, १९९४.