डुक्कर ओढणार कोण

सत्तराव्या वाढदिवसाला मला रानडुकराची शिकारच हवी होती. आमच्या डॅरेलनं पैसे भरून शिकारीसाठी राखलेलं एक खासगी रँच ठरवलं.

"आई, तिथं नुसतं खुर्चीत बसायचं. मका टाकलेला असतो, डुकरं आपणहून येतात. सरकारी जंगलात तू मारशील गं, पण या गुडघ्यांनी ते धूड ओढणार कोण?"

"खुर्चीत बसून मारायला घरी माशा आहेत," म्हटलं, आणि बंदूक घेऊन सरकारी जंगलात शिरले.

दुपारी घामाघूम झालेला एक दांडगा माणूस डुक्कर ओढत रस्त्यावर आला. मागून मी, आरामात.

डॅरेल गाडीतून उतरला. "हा कोण?"

"तुझ्या रँचचा मालक. सुट्टीला शिकारीला इथंच येतो. सकाळपासून त्याला एकही डुक्कर दिसलं नव्हतं. मी मारलेल्या डुकराची एक मांडी देते म्हटलं, लगेच दोरी धरली."