तीन मिनिटांचं गाणं

दुरुस्तीनंतर आपली गिटार कशी वाजायला हवी, ते कारागिराला कळावं म्हणून केतकीनं मोबाइलवर पॉवर पॉपचं, म्हणजे गोड चालीच्या रॉक संगीतातलं, एक गाणं लावलं. मिरजेत चाळीस वर्षं तंबोरे घडवणारे दस्तगीरचाचा डोळे मिटून ऐकू लागले. गिटारी खणखणल्या, ड्रम धडाडले, तीन गायकांनी मिळून गोड चाल उचलली. गळे तापले, आता खरं गाणं सुरू होईल, चाचांनी मनात म्हटलं.

तेवढ्यात सगळं थांबलं.

"पुढचं लाव की."

"संपलं, चाचा. तीन मिनिटांचंच असतं."

चाचा आधी चक्रावले, मग पोट धरून हसले. "मग पुन्हा लाव."

सातव्यांदा चाचा आणि केतकी टाळ्या वाजवत गात होते, तेव्हा तंबोरा न्यायला आलेले गवईबुवा दारातच थबकले.

"बसा बुवा," चाचा धापा टाकत म्हणाले, "तिसरा गळा कमी पडतोय."