बिघाडाची गाडी

प्रफुल जीपमधून उतरला तेव्हा दिव्यानी दारातच उभी होती. तिच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत होईना.

“पुन्हा बंद पडलं?”

“हो सर. सकाळीच.”

एटापल्लीच्या पलीकडचं हे आरोग्य केंद्र. इथल्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर नेटवर्कवरची माहितीची ये-जा तपासत बसायचं. ते बंद पडलं की गडचिरोलीच्या ऑफिसला इथलं काही दिसत नसे, आणि पासवर्ड तिथल्या एकट्या प्रफुलकडे. म्हणून दर वेळी जीप काढून त्यानंच यायचं. परत जाताना मोठ्या दवाखान्यात जायला गावातलं कुणी ना कुणी मागे बसायचंच; ‘नाही’ तरी कसं म्हणणार? आज तर गावातली सोमारीबाई दुखरं पोट धरून आधीच जीपमध्ये चढली होती.

खरं दुखणं प्रफुलला ठाऊक होतं. सॉफ्टवेअरमध्ये भोक होतं. वाकड्या बांधणीची माहितीची एक पुडी, म्हणजे पॅकेट, आली की ते जागीच आडवं व्हायचं. सुधारलेलं सॉफ्टवेअर कधीच निघालं होतं, पण ह्या पठ्ठ्यानं आज टाकू, उद्या टाकू करत ते टाकलंच नाही. आणि ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं तेव्हा काय म्हणाला? “ऑपरेटर पोरगी काहीतरी दाबते.” झालं! खापर दिव्यानीच्या डोक्यावर फुटलं, तिची नोकरी जायची वेळ आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर हाच.

खुर्चीवर टेकला तसा तो बोलून मोकळा झाला.

“दिव्यानी, मले माफ कर. चूक तुझी नाई, माझी हाय. आता नवीन टाकून देतो, पुन्हा कधी बंद पडनार नाई. अन् आजच साहेबाले खरं सांगतो. तुझी नोकरी जानार नाई.”

तिचा चेहरा उजळेल असं त्याला वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली.

“नका टाकू सर.”

“काऊन?”

“ते पॅकेट मीच पाठवते. कोनतं पाठवू नको, हे तुमीच तं फोनवर सांगतलं होतं.”

प्रफुल खुर्चीतून उठला. “अन् नोकरी गेली असती मंग? काऊन केलं असं?”

दिव्यानीनं बाहेर जीपमध्ये बसलेल्या सोमारीबाईकडे बोट केलं.

“मशीन पडली का तुमी लगेच गाडी घेऊन येता, सर. मानूस पडला तं कोनी येत नाई.”