ओरिनच्या ब्रेकची काळजी

ओरिनच्या गाडीचे ब्रेक बदलले गेले, तर डेल्बर्टच्या पदरात जुन्या गाड्यांच्या क्लबचा कप पडणार होता, कॅलेंडरचं मुखपृष्ठ पडणार होतं आणि हरलेल्या ओरिनचं तोंड बघायला मिळणार होतं. त्या तोंडासाठी त्यानं कप आणि कॅलेंडर दोन्हीवर पाणी सोडलं असतं.

क्लबचा नियम साधा होता. 'मूळ' गटातली गाडी कारखान्यातून आली तशीच हवी. एक नवा पार्ट सापडला की गाडी बाद. ओरिनची सहासष्ट सालची डार्ट गाडी इतकी अस्सल, की तिच्यातली धूळसुद्धा सहासष्टची असावी. डेल्बर्टची चौसष्टची फाल्कन दर उन्हाळ्याच्या प्रदर्शनात तिच्या मागे दुसरी.

आता ओरिन डेल्बर्टच्या गॅरेजात उलट्या बादलीवर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता आणि टरफलं कॉफीच्या कपात थुंकत होता. कप डेल्बर्टचा होता.

"चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक," डेल्बर्ट म्हणाला. "अरे, नातीला घेऊन फिरतोस त्या गाडीतून. समोर हरीण आलं म्हणजे?"

"हरणानं बघून चालावं." थू.

डेल्बर्टनं आपल्या कपाकडे बघितलं. तरी तो गोड हसला. "माझ्याकडे नव्या डिस्क ब्रेकचा संच पडून आहे. तुझ्या मूळच्या चाकांत मावतो. मी बसवून देतो, फुकट."

"फुकट? तू?" ओरिन चघळायचा थांबला. "डॉक्टरनं काही वाईट सांगितलं की काय तुला?"

"मस्करी सोड. जिवाचा प्रश्न आहे."

"आणि पंच?"

"पंचांना काय कळतंय! चाकाच्या आत डोकं घालतंय कोण?" ओरिनचा चेहरा हलेना, तेव्हा डेल्बर्टनं ठेवणीतला पत्ता काढला. त्यानं फाल्कनचं बॉनेट उघडलं. "काय दिसतं?"

"ब्रेक ऑइलची जुनी टाकी."

"आता मडगार्डच्या आत हात घाल. अजून खाली."

ओरिननं थुंकीनं ओला झालेला हात पँटला पुसला आणि आत घातला. "ब्रेकचा बूस्टर आहे की रे!"

"नवाकोरा. करंगळीनं दाबलं तरी गाडी जागच्या जागी. एका पंचाला तरी सापडला का? म्हणून म्हणतो, आधी जीव, मग कप."

"तू भलताच पोचलेला निघालास, डेल्बर्ट," ओरिन म्हणाला. आवाजात कौतुक होतं. निदान डेल्बर्टला ते तसं वाटलं.

पुढचा शनिवार-रविवार डेल्बर्ट डार्टखाली पालथा-उताणा होत राहिला. ड्रम गंजानं चिकटलेले. ठोकून काढले, तर आतली काळी भुकटी नाकातोंडात गेली. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली, तेव्हा ओरिन पेडल दाबायला सीटवर आरामात आणि हा खाली.

"दाब. धरून ठेव. धर म्हणतोय ना!"

"शिंक आली रे."

जुनं, कुजकट वासाचं ऑइल डेल्बर्टच्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं. मागोमाग खिडकीतून एक टरफल येऊन कपाळाला चिकटलं. कॅलेंडर आठव, त्यानं स्वतःला बजावलं, कॅलेंडर.

ओरिन गेल्यावर डेल्बर्टची बायको ग्लेंडा गॅरेजात आली. नवऱ्याचा बेत तिला ठाऊक होता. प्रदर्शनाच्या सकाळी तो स्वतःच जाऊन ओरिनची चहाडी करणार होता. तिनं दोन बोटांत तो टरफलांचा कॉफीचा कप उचलला.

"शी! फेकून दे तो," डेल्बर्ट म्हणाला.

"ही थुंकी निदान धुऊन निघेल," ती म्हणाली. "त्याच्या नातीचं नाव ज्या तोंडानं घेतलंस, ते कशानं धुणार आहेस?"

"कप घरी आला की बोल."

"कप घरी आला की मी बहिणीकडे जाते राहायला. किळस येते मला."

प्रदर्शनाच्या सकाळी डेल्बर्टनं फाल्कन हिरवळीवर लावली, पुसली, आणि तळलेल्या पोर्कचा पाव हातात घेऊन सेक्रेटरीच्या टेबलाशी गेला. सेक्रेटरी बाई, मर्ना, नावांचे बिल्ले लावत होती. तो तिच्या कानाशी वाकला.

"माझं नाव कुठं यायला नको. पण ओरिनच्या डार्टची चाकं काढून बघा. आत डिस्क आहेत."

"हो, नव्या डिस्क," मर्ना वर न बघता म्हणाली. "त्यानंच सांगितलं. या वेळी गाडी 'सुधारलेल्या' गटात लावलीय त्यानं. लावावीच लागणार होती."

"लावावीच का?"

"अरे, आपण ज्या गटाचे पंच, त्या गटात आपली गाडी लावता येत नाही ना. 'मूळ' गटाचा पंच म्हणून मार्चमध्येच नेमलाय त्याला. आजपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं. बिचारा तेव्हापासून ब्रेकसाठी माणूस शोधत होता."

डेल्बर्टच्या तोंडातला घास फिरायचा थांबला. तो वळला. हिरवळीवर, पंचाची पांढरी टोपी घालून, ओरिन एकाही गाडीशी न थांबता सरळ फाल्कनकडे गेला आणि त्यानं तिच्या मडगार्डमध्ये कोपरापर्यंत हात घातला. संच डेल्बर्टचा, घाम डेल्बर्टचा, आणि बादही डेल्बर्टच. ओरिनला खर्च आला तो फक्त बियांचा.