बारशाचे वाळे

बारशाच्या दिवशी, भर उन्हाळ्यात, मंदाबाईंनी नातीला मानेपर्यंत दुपट्यात गुंडाळलं होतं. बाळाचे जन्मतः आत वळलेले पाय प्लास्टरमध्ये होते, आणि ते जावयांनी अजून घरी सासवडला कळवलं नव्हतं. विहीणबाई भेंडीसुद्धा मोडून बघून घेणाऱ्या. लेकीला आता काय ऐकावं लागणार?

विहीणबाईंनी पर्समधून चांदीचे वाळे काढले. “पाय काढा बाहेर.”

“झोपलीय हो. मागाहून घालू.”

“वाळे घालायला जागं कशाला राहायला हवं?” म्हणत त्यांनी दुपटं सोडलंच. मांडीपर्यंतची पांढरी प्लास्टरं बघायला बायका पुढे झुकल्या.

“दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, दीड महिना,” लेक पुटपुटली. “मग चारचौघींसारखी चालेल म्हणाले डॉक्टर.”

विहीणबाईंनी वाळा प्लास्टरला लावून पाहिला. “लहान झाले. चालायला लागली की मोठे करून घालू. आणि बाळंतिणीनं एकटीनं खेपा घालायच्या होय दवाखान्याच्या? मी राहते इथंच.”

मंदाबाईंचा जीव भांड्यात पडला. विहीणबाईंचा आपल्या घरातला दीड महिन्याचा मुक्काम नंतर ध्यानात आला, तशा त्या घाईघाईनं म्हणाल्या, “अहो, काही बाळांचे पाय महिन्याभरातही सरळ होतात म्हणे!”