छत्तीस डब्यांचं मीठ

"बाईची स्वयंपाकघरातून सुटका कुठल्याही क्रांतीने होणार नाही, ती फ्रीजरच करणार!" रविवारी सकाळी तिघी मैत्रिणी मिळून आठवड्याभराचा रस्सा शिजवत असताना वकीलबाईंनी डाव उंचावून जाहीर केलं. शिक्षिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि त्या भरात नर्सबाईंनी रस्स्यात दुसऱ्यांदा मीठ घातलं.

हे त्यांना कळलं ते घरी, घासायला आणलेलं पातेलं बोटाने निपटताना. तोवर तिघींचे बारा-बारा डबे तारखेच्या चिठ्ठ्या लावून आपापल्या फ्रीजरमध्ये गेले होते.

सांगून टाकावं म्हणून त्यांनी फोन हातात घेतला, तेवढ्यात वकीलबाईंचाच निरोप आला, "आमच्याकडे बोटं चाटून खाल्लं गं!" बुधवारी शिक्षिकाबाईंनी त्यावर कडी केली, "आमच्या सासूबाईंनी तर दोनदा मागून घेतला." त्या सासूबाईंना ब्लड प्रेशर होतं आणि ते दर शनिवारी तपासायला नर्सबाईच जात. त्या शनिवारी त्यांनी सर्दीचं निमित्त सांगितलं.

पुढच्या रविवारी त्या मनाचा हिय्या करूनच आल्या. "मला काहीतरी कबूल करायचंय. गेल्या वेळच्या रस्स्याबद्दल."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं, झकास झाला होता रस्सा!" शिक्षिकाबाई घाईघाईने म्हणाल्या. "फक्त एक कर ना, आजचे माझे डबे तू घेऊन जा. माझ्या फ्रीजरमध्ये अजून बाराच्या बारा तसेच आहेत."