बारशाला आलेले आजोबा

मृण्मयीच्या मुलीच्या बारशाला मृण्मयीचे बाबा, सुहास केळुसकर, नाशिकला आले ते यंत्रदेहातून. चेहरा, आवाज त्यांचाच. खरं शरीर मात्र भर समुद्रात तरंगणाऱ्या करमुक्त शहरात होतं. श्रीमंतांवरचा कर वाढला तेव्हाच ते तिकडे राहायला गेले होते. देशात पाऊल ठेवलं, की त्या वर्षाचा सगळा कर भरावा लागे. यंत्राच्या पावलांना कर नव्हता.

मृण्मयीने बाळ त्यांच्या हातांत दिलं. यंत्राच्या हातांना वजन कळत होतं, ऊबही कळत होती. पण बाळाने टाहो फोडला.

"द्या बाबा इकडे, घाबरलीय ती," मृण्मयी म्हणाली.

शेजारच्या काकांनी खांद्यावर घेताच बाळ शांत झालं. केळुसकर नुसते बघत राहिले.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या कर सल्लागाराला फोन केला. "मी घरी जातोय."

"साहेब, वर्ष संपेपर्यंत तरी थांबा. निम्मी कमाई जाईल."

"जाऊ दे. तोवर ती रांगायला लागेल."

दोन दिवसांनी बेल वाजली. मृण्मयीने दार उघडलं आणि ती पाहतच राहिली. यंत्रदेहाचा चेहरा गेल्या कित्येक वर्षांत बदललाच नव्हता. दारातल्या माणसाचे केस पांढरेशुभ्र झाले होते आणि पाठ वाकली होती.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही म्हातारे झालात, आणि मला कळलंसुद्धा नाही."